उत्तराचे पान उलटण्यापूर्वी

जून महिना उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत दादरच्या पुस्तकांच्या दुकानांत पालकांची एकच गर्दी उसळते. क्रमिक पुस्तके, वह्या, अपेक्षित प्रश्नसंच ही यादी संपली की पुष्कळदा शेवटी एक मागणी ठरलेली असते: मुलाची तर्कशक्ती वाढेल असे एखादे पुस्तक हवे. दुकानदारही सरावाने फळीवरून ‘बुद्धिमत्ता चाचणी’ची दोन-तीन जाडजूड पुस्तके काढून पुढे ठेवतो. शिष्यवृत्ती परीक्षेचे एक, स्पर्धा परीक्षांच्या ‘रीझनिंग’चे एक आणि कोड्यांचा एखादा संग्रह. पालक पाने चाळतात, प्रश्नांची संख्या पाहतात आणि ज्यात प्रश्न अधिक ते पुस्तक घेऊन घरी जातात. या व्यवहारात कोणीच कोणाला फसवत नाही. मात्र जे मागितले गेले आणि जे मिळाले, त्या दोन वस्तू एक नव्हेत, हे बहुधा दोन्ही पक्षांच्या लक्षात येत नाही.

बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकातील एक नेहमीचा प्रश्न घ्यावा. २, ६, १२, २०, ३० या मालिकेत पुढची संख्या कोणती? ज्या मुलाने असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, ते थोडे अडखळते, दोन लगतच्या संख्यांमधील फरक काढून पाहते, ४, ६, ८, १० असे फरक दिसताच हरखते आणि ४२ हे उत्तर सांगते. या दोन मिनिटांत त्या मुलाने खराखुरा विचार केलेला असतो. त्याच जातीचा चाळीसावा प्रश्न सोडवताना मात्र तेच मूल विचार करत नाही, ते ओळखते. ‘ही फरकांची मालिका’ एवढे ध्यानात आले की हात आपोआप चालू लागतो. ओळखणे हेही कौशल्यच आहे आणि परीक्षेच्या मंडपात तेच उपयोगी पडते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्व परीक्षेत ‘सीसॅट’चा पेपर आणला, तेव्हा त्यात दोन तासांत ८० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. २०१५ पासून त्या पेपरात ३३ टक्के गुण मिळवून केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु दीड मिनिटाची शिस्त कायम आहे. दीड मिनिटात कोणी नवा विचार करत नाही. ज्याने प्रश्नाचा साचा आधी पाहिला आहे तो पुढे जातो. तेव्हा अशा पुस्तकांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या कामासाठी ती लिहिली गेली, ते काम ती करतात. फक्त त्या कामाला ‘विचारशक्तीची जोपासना’ हे नाव देऊ नये, इतकेच.

मग विचारशक्तीची जोपासना करणारे पुस्तक कोणते? त्याआधी एक कोडे पाहणे सोयीचे होईल. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. नेमकी दोन घरे झाकेल अशी एक पट्टी असेल, तर ३२ पट्ट्यांत सबंध पट झाकता येतो. आता पटाची समोरासमोरची दोन कोपऱ्यांतील घरे कापून टाकली, तर उरलेली ६२ घरे ३१ पट्ट्यांत झाकता येतील काय? पट्टी मोडायची नाही आणि एकीवर दुसरी चढवायची नाही. तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅक यांनी १९४६ साली आपल्या तर्कविषयक पुस्तकात मांडलेले हे कोडे पुढे जगभर पसरले. बहुतेक जण कागदावर पट आखून पट्ट्या बसवू लागतात. कोठेतरी दोन घरे सुटी राहतात. मांडणी बदलली की दुसरीकडे दोन राहतात. अर्ध्या तासाने मनुष्य चिडतो. त्या चिडण्यातून कोणाला तरी सुचते की, आपण घरे मोजली, पण घरांचे रंग पाहिलेच नाहीत. पट्टी कशीही ठेवली, आडवी वा उभी, ती एक काळे आणि एक पांढरे घर झाकणारच. आणि समोरासमोरचे कोपरे मात्र एकाच रंगाचे असतात. ते कापल्यावर एका रंगाची ३२ आणि दुसऱ्या रंगाची ३० घरे उरतात. तेव्हा पट्ट्या पुरणे शक्यच नाही. हजार वर्षे बसवत राहिले तरी नाही.

हे उत्तर वाचून ‘वा!’ म्हणणारा वाचक आणि अर्धा तास कागद रंगवून मग ते वाचणारा वाचक, या दोघांच्या पदरात सारखेच पडत नाही. पहिल्याला बुद्धिबळाच्या पटाविषयीची एक गंमत कळली. दुसऱ्याला, मोजून भागत नसेल तेव्हा न बदलणारे काहीतरी शोधावे, ही एक युक्ती कळली. शिवाय ती कोणत्या अडचणीत उपयोगी पडते हेही त्याने स्वतः भोगले. चांगली पुस्तके हा अर्धा तास वाचकाकडून काढून घेण्यासाठी लिहिलेली असतात. वाईट पुस्तके तो वाचवून देण्याचे आश्वासन देतात.

हा अर्धा तास नेमका कसा घालवावा, या एकाच प्रश्नाला वाहिलेले पुस्तक म्हणजे जॉर्ज पोल्या यांचे ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’. १८८७ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले पोल्या आधी कायद्याकडे, मग भाषा आणि तत्त्वज्ञानाकडे वळून अखेर गणितात स्थिरावले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी १९१४ ते १९४० अशी दीर्घ काळ अध्यापकी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली ते अमेरिकेस गेले आणि स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. १९४५ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने हे छोटेखानी पुस्तक काढले आणि पुढे त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. गणितावरील पुस्तकाच्या नशिबी असा खप क्वचितच येतो. विद्यार्थिदशेत पोल्यांना एक शंका छळत असे. शिक्षक फळ्यावर उत्तर मांडतात, ते बरोबर असते हेही पटते. पण ते त्यांना सुचले कसे आणि आपल्याला कसे सुचावे? सबंध पुस्तक हे या शंकेचे उत्तर आहे.

पोल्यांनी प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. कागदावर हे इतके बाळबोध दिसते की, त्यात नवे काय असे कोणालाही वाटावे. खरे मर्म त्या टप्प्यांत पेरलेल्या छोट्या छोट्या प्रश्नांत आहे. काय शोधायचे आहे? काय दिलेले आहे? दिलेले सगळे वापरले का? याच्यासारखा, पण याहून सोपा एखादा प्रश्न ठाऊक आहे का? आणि उत्तर मिळाल्यावर, ते दुसऱ्या वाटेने काढता येईल का? हीच वाट आणखी कोठे चालेल का? शिक्षकाने हे प्रश्न विद्यार्थ्याला इतक्या वेळा विचारावेत की पुढे ते विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावेत, अशी पोल्यांची अपेक्षा होती. आपल्याकडील घरांत यांपैकी पहिला टप्पा घाईत उरकला जातो आणि चौथा तर अस्तित्वातच नसतो. उत्तर जुळले की वही मिटते.

पोल्यांच्या पुस्तकातील एक उदाहरण येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे. दोन भांडी आहेत, एक ४ मापांचे आणि दुसरे ९ मापांचे. त्यांवर मधल्या खुणा नाहीत. नदीवरून बरोबर ६ मापे पाणी कसे आणावे? भांडी भरून-ओतून पाहणारा लवकरच गोंधळतो. पोल्या सांगतात, शेवटापासून निघावे. शेवटी मोठ्या भांड्यात ६ मापे हवीत. म्हणजे भरलेल्या मोठ्या भांड्यातून नेमकी ३ ओतता आली पाहिजेत. ती लहान भांड्यात ओतायची, तर त्यात आधीच १ माप पाणी असले पाहिजे, म्हणजे उरलेल्या जागेत ३ मावतील. आता १ माप कसे मिळेल? मोठे भांडे भरून लहान भांड्याने दोनदा ४-४ मापे काढून टाकली की मोठ्यात १ उरते. प्रश्न सुटला! आता केवळ उलट्या क्रमाने चालत यायचे.

उलटे चालण्याची ही रीत मराठी वाचकाला अनोळखी असू नये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तिला ‘व्यस्तविधी’ असे नाव आहे. शके १०७२ मध्ये, म्हणजे सन ११५० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात एका बालेला उद्देशून असा एक प्रश्न घातला आहे. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला, ७ ने भागले, भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला, उरले त्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले आणि १० ने भागले; उत्तर २ आले. तर ती संख्या कोणती? शाळेत शिकवलेल्या बीजगणिताने ‘क्ष’ धरून निघालेला विद्यार्थी येथे घामाघूम होतो. भास्कराचार्य सांगतात, शेवटून सुरुवातीकडे यावे आणि प्रत्येक क्रिया उलटवावी. २ ला १० ने गुणून २०, त्यातून ८ गेले १२, वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, त्याचे वर्गमूळ १४. हे १४ म्हणजे एक तृतीयांश वजा केल्यावर उरलेले दोन तृतीयांश, म्हणून मूळचे २१. सातपट १४७. त्यात तीन चतुर्थांशाची भर पडलेली आहे, ती काढली की ८४. तीनाने भागून २८.

‘लीलावती’ हे केवळ विद्वानांच्या कपाटातले पुस्तक नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी आणि पाठ करण्यासाठीही हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. कमळे, भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या गोष्टींतून आलेली त्यातील गणिते आजही ताजी वाटतात. ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ हे मराठी पुस्तक जुन्या ग्रंथालयात मिळाले, तर ते घरी आणण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. पाण्याचे कोडे आणि लीलावतीतील प्रश्न हे वरवर पाहता अगदी वेगळे आहेत. एकात भांडी, दुसऱ्यात अंकांची माळ. दोन्हींची किल्ली एकच आहे, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. आणि हे न दिसणे ही केवळ आळशी विद्यार्थ्यांची खोड नाही; मानसशास्त्रज्ञांनी ते मोजून पाहिले आहे. अमेरिकेतील मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक अवघड प्रश्न वापरला. रोग्याच्या पोटात गाठ आहे. किरणांनी ती जाळता येते. मात्र किरण तीव्र असतील तर वाटेतील निरोगी भागही जळतो आणि सौम्य असतील तर गाठ जळत नाही. काय करावे? कसलीही मदत नसताना सुमारे दहा टक्के लोकांनाच उत्तर सुचले. उत्तर असे की, अनेक दिशांनी सौम्य किरण सोडावेत, म्हणजे ते गाठीवर एकत्र येऊन तीव्र होतील. काहींना हा प्रश्न देण्यापूर्वी एक गोष्ट वाचायला दिली होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या सर्व वाटांवर सुरुंग पेरलेले असतात, मोठी फौज गेली की ते उडतात. म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून निरनिराळ्या वाटांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी सर्वांना एकत्र आणतो. उत्तर जणू ताटात वाढून ठेवले होते! तरीही गोष्ट वाचलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनाच ते जमले. ‘मघाची गोष्ट आठवून पाहा’ एवढे सुचवताच हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेले.

या प्रयोगाचा अर्थ कोड्यांच्या पुस्तकांच्या बाबतीत फारसा सुखावह नाही. उत्तर ठाऊक असूनही, प्रसंगाचा पोशाख बदलला की माणसाला ते आठवत नाही. तेव्हा ‘हजार कोडी सोडवली म्हणजे व्यवहारातील प्रश्न आपोआप सुटतील’ ही आशा फोल आहे. वृत्तपत्रातील सुडोकू रोज सोडवणारा मनुष्य सुडोकूत तरबेज होतो. घरखर्चाच्या किंवा कचेरीतील पेचांतही तो तितकाच तरबेज होईल असे मानण्यास आधार नाही. गिक आणि होलिओक यांच्याच १९८३ सालच्या पुढील प्रयोगांत मात्र एक आशेचा धागा सापडला. एका गोष्टीऐवजी एकाच मर्माच्या दोन गोष्टी दिल्या आणि त्यांत सारखे काय आहे हे वाचकांनाच लिहायला लावले, तेव्हा ते मर्म नव्या प्रश्नात पुष्कळ जणांना ओळखता आले. म्हणजे लाभ दहा कोडी सोडवण्यात जितका, त्याहून अधिक दोन कोडी शेजारी ठेवून त्यांची तुलना करण्यात आहे. पोल्यांचा तो दुर्लक्षित चौथा टप्पा तो हाच.

पोल्यांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. ‘याच्यासारखा प्रश्न शोधा’ हे सांगणे सोपे. नवख्याला सारखेपणा दिसतच नाही, त्याचे काय? बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अॅलन शोनफेल्ड यांनी विद्यार्थी प्रश्न सोडवत असतानाची चित्रफीत घेऊन मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला. १९८५ च्या त्यांच्या ग्रंथात तो आला आहे. कित्येक विद्यार्थी प्रश्न वाचतात, घाईघाईने एक वाट धरतात आणि वीस मिनिटे त्याच वाटेने चालत राहतात. आपण कोठे चाललो आहोत हे पाहण्यासाठी एकदाही थांबत नाहीत. निष्णात गणिती चुकीच्या वाटेला जातच नाही असे नव्हे, तोही जातो. पण मध्येच थांबून परत फिरतो. म्हणून शोनफेल्ड आपल्या वर्गात फिरताना केव्हाही तीन गोष्टी विचारत: आत्ता काय करतो आहेस, का करतो आहेस आणि त्याचा उपयोग काय होणार? आरंभी विद्यार्थी गडबडून जात. सत्र सरता सरता ते आपापसात हेच प्रश्न विचारू लागत. घरी पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाजवळ पालकाने करण्यासारखे काही असेल, तर ते एवढेच. उत्तर सांगण्याचा मोह आवरावा आणि हे तीन प्रश्न विचारावेत. पालकाला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर फारच उत्तम.

निव्वळ तर्काची गोडी लावणाऱ्या पुस्तकांत रेमंड स्मलियन यांचा हात धरणारा दुसरा नाही. जादूगार, पियानोवादक आणि तर्कशास्त्रज्ञ असे हे एकाच देहातले तिहेरी व्यक्तिमत्त्व १९१९ ते २०१७ असे प्रदीर्घ आयुष्य जगले. १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ असे आहे. त्यात एक बेट आहे. तेथील काही रहिवासी नेहमी खरे बोलतात, उरलेले नेहमी खोटे. दोघे जण भेटतात आणि पहिला म्हणतो, ‘आम्ही दोघेही खोटे बोलणारे आहोत.’ तर कोण कसा? पहिला खरे बोलणारा असता, तर त्याने स्वतःला खोटारडा म्हटले नसते. म्हणून तो खोटे बोलणारा. पण मग त्याचे विधान खोटे, म्हणजे दोघेही खोटारडे नाहीत. अर्थात दुसरा खरे बोलणारा. आठवीतल्या मुलाला हे समजते. अशा गमतींच्या पायऱ्या चढत चढत पुस्तकाच्या अखेरीस वाचक १९३१ साली कुर्ट गोडेल यांनी सिद्ध केलेल्या अपूर्णतेच्या प्रमेयाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो आणि आपण एवढे चढलो कधी, याचेच त्याला नवल वाटते.

स्मलियनांचे बेट सुंदर आहे, पण ते बेटच आहे. प्रत्यक्ष जगात तर्क वेगळ्या रीतीने दगा देतो. लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली चार पत्त्यांची एक कसोटी मांडली. मराठीत ती अशी करता येईल: प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस अंक आहे. समोर अ, क, ४ आणि ७ दिसत आहेत. ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते’ हा नियम खरा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहावेत? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. सुशिक्षितांपैकीही दहा टक्क्यांहून कमी लोकांना हे साधले. पण हाच प्रश्न १९८२ मध्ये ‘बिअर पिणारा ठरावीक वयाचा असलाच पाहिजे’ अशा ओळखीच्या नियमाच्या रूपात विचारला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी तो अचूक सोडवला. बिअर पिणाऱ्याचे वय आणि कमी वयाच्या माणसाचा पेला तपासावा, हे कोणालाही सांगावे लागले नाही. तर्काची रचना तीच. पोशाख तेवढा बदलला. आपल्याला पटणारे विधान खरे ठरवणारा पुरावा प्रत्येक जण हौसेने शोधतो. ते खोटे ठरवू शकेल असा पत्ता उलटून पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

ही सवय लावणारी पुस्तके कोड्यांच्या फळीवर सहसा नसतात. डॅरेल हफ यांचे १९५४ सालचे ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ हे त्यांपैकी एक. एका इमारतीत दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांची मासिक प्राप्ती ४० हजार रुपये आणि दहाव्याची ६ लाख ४० हजार. मग ‘या इमारतीतील सरासरी प्राप्ती एक लाख रुपये’ हे विधान आकड्यांनिशी खरे आणि नऊ घरांपुरते निखालस दिशाभूल करणारे ठरते. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता किरकोळ वाढ डोंगराएवढी दाखवणे, ही हफ यांनी उघड केलेली दुसरी हातचलाखी आजही जाहिरातींत आणि निवडणुकीच्या प्रचारात दिसते. मात्र या लेखकाची पुढील कथा त्याच्या पुस्तकाइतकीच बोलकी आहे. सिगारेट आणि आजार यांचा संबंध दाखवणाऱ्या आकडेवारीवर शंका घेणारी साक्ष हफ यांनी १९६५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिली आणि तंबाखू उद्योगाच्या पैशावर त्याच धर्तीचे एक पुस्तकही लिहायला घेतले. ते प्रसिद्ध झाले नाही. आकड्यांतील खोट ओळखण्याची विद्या आणि खरे बोलण्याची इच्छा या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे त्यांच्याइतके ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

लहान मुलांसाठी पुस्तक निवडताना वयापेक्षा मुलाची चिकाटी पाहावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला याकोव्ह पेरेलमन यांची पुस्तके द्यावीत. १८८२ मध्ये जन्मलेले आणि १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात मरण पावलेले हे रशियन लेखक रोजच्या व्यवहारातून गणित आणि भौतिकशास्त्र उलगडून दाखवत. ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ आणि ‘मॅथेमॅटिक्स कॅन बी फन’ ही त्यांची पुस्तके सोव्हिएत काळात अत्यल्प किमतीत आपल्याकडे मिळत. एका सबंध पिढीची विज्ञानाशी मैत्री त्यांनी करून दिली. पुण्यात दीर्घ काळ काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान-गणिताची असंख्य पुस्तके, त्यांत मराठीतीलही, विनामूल्य वाचता येतात. थोड्या मोठ्या मुलांसाठी मार्टिन गार्डनर यांचे संग्रह आहेत. गार्डनर शिकले तत्त्वज्ञान. महाविद्यालयीन गणिताचे शिक्षण त्यांना नव्हते. तरीही १९५७ पासून सुमारे पाव शतक ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी चालवलेल्या सदराने अनेकांना गणिताकडे ओढले. जे आपल्याला कष्टाने समजले तेच ते लिहीत, म्हणून ते वाचकालाही समजे.

या सदरात मार्च १९७५ मध्ये नाशिकजवळच्या देवळालीतील एका निवृत्त शाळामास्तरांची ओळख जगाला झाली. ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीत मुलांना शिकवले आणि उरलेला वेळ अंकांच्या संगतीत काढला. विद्यापीठांतील अनेक पंडितांनी त्यांच्या कामाकडे ‘निव्वळ करमणूक’ म्हणून पाहिले. त्यांचा प्रसिद्ध शोध १९४९ सालचा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७. ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. आणि ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४! कोठूनही निघाले तरी फार तर सात पायऱ्यांत याच संख्येशी येऊन थांबावे लागते.

हे करून पाहायला पुस्तकही लागत नाही; कागद-पेन्सिल पुरते. चौथी-पाचवीतल्या मुलाला चार अंक जड वाटले तर तीन अंकी संख्येपासून आरंभ करावा. तेथेही एका ठराविक संख्येपाशी गाडी थांबते. ती कोणती हे दहा मिनिटांत सापडते. ती तीच का, याला कदाचित एखादा रविवार लागेल. वजाबाकीच्या उत्तरात मधला अंक दर वेळी कोणता येतो, तिकडे लक्ष ठेवावे. उत्तर येथे दिलेले नाही.